जुन्या प्रतीचा पुरावा

या स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची सूची छापली आहे. बहुतेक वाचक तीत प्रथम आपले नाव शोधतील, मग आपल्या खोलीतल्या सोबत्यांची. क्षीरसागर आडनावाचे विद्यार्थी 'क' मध्ये नसून 'ह' नंतर, सूचीच्या शेवटी आहेत आणि काळे हे कासारे यांच्यानंतर आले आहेत, हे कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. पहिलीत पाठ केलेला वर्णक्रम तोच आहे, त्यात विशेष ते काय, असेच वाटेल. हा क्रम असा लागावा म्हणून आमच्या दहावीच्या एका विद्यार्थ्याने जे परिश्रम केले त्यांची, आणि त्या कामाच्या ओघात आमच्या हातून त्याच्यावर जो अन्याय झाला त्याची हकीकत येथे नोंदवून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणक हा आमचा विषय नव्हे. परंतु निवासी शाळेतील शिक्षकाला आपल्या विषयाच्या कुंपणात राहता येत नाही. सायंकाळच्या अभ्यासिकेनंतर संगणक कक्ष तासभर उघडा असतो आणि गेली काही वर्षे त्याची देखरेख आमच्याकडे आहे. सूचीचे काम निघाले तेव्हा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी मदतीला धावून आला. त्याने काही रविवार शाळेत बसून कामाचा पाया घालून दिला आणि पुढचे काम या दहावीच्या मुलाकडे सोपवले. दोघांनीही आपली नावे छापू नयेत असे सांगितल्यामुळे ती येथे दिलेली नाहीत.

काम वरवर पाहता सोपे होते. नावे संगणकात भरायची आणि ती अकारविल्हे लावून पानावर दाखवायची. यासाठी जावास्क्रिप्ट ही भाषा वापरली होती. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ साली ती तयार केली आणि आज जवळपास प्रत्येक संकेतस्थळामागे ती असते. मात्र तिला वेगळे काही सांगितले नाही तर ती अक्षरांचा क्रम त्यांच्या युनिकोड क्रमांकांवरून लावते. युनिकोडात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसवला आहे. मराठीत तो 'ह' नंतर येतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर तेथे स्वतंत्र जागाच नाही. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. म्हणून संगणक क्षीरसागरांना 'क' मध्ये आणि ज्ञानेश्वरांना 'ज' मध्ये नेऊन बसवतो. मराठीचा क्रम त्याला नियम लिहून शिकवावा लागतो, आणि तो नियम लिहिण्याचे काम त्या मुलाकडे होते.

हाच नियम पुढे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीसाठीही लागणार होता. म्हणून माजी विद्यार्थ्याने तो सूचीच्या प्रोग्रॅममध्ये न लिहिता 'वर्णक्रम' नावाचे एक वेगळे पॅकेज करायला लावले. पॅकेज म्हणजे एकदा लिहून अनेक ठिकाणी वापरायचा प्रोग्रॅमचा भाग. अशा पॅकेजांचे एनपीएम नावाचे एक मोठे सार्वजनिक भांडार २०१० पासून आहे. तथापि अपुरे, न तपासलेले पॅकेज कोणी भांडारात ठेवत नाही. ते आधी आपल्याच संगणकावर, आपल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडून पाहावे लागते. आमच्या संगणकावरही शेजारी शेजारी दोन फोल्डर होते : एकात 'वर्णक्रम', दुसऱ्यात 'सूची'. पहिल्यात दुरुस्ती करायची आणि दुसऱ्याचे पान उघडून ती उमटली का ते पाहायचे, अशी पद्धत ठरली होती.

एका सायंकाळी आम्ही सूचीचे पान उघडले. क्षीरसागर 'क' मध्येच होते. आदल्या दिवशी त्या मुलाने दुरुस्ती झाल्याचे सांगितले होते, म्हणून आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, केलंय. फाईल उघडून दाखवतो." त्याने फाईल उघडली. नियम खरोखरच तीत लिहिलेला होता. पान पुन्हा उघडले, तरी क्षीरसागर जागचे हलले नव्हते. आम्हांला संगणकातले फारसे कळत नव्हते, पण मुले पुष्कळ पाहिली होती, आणि तोच अनुभव त्या वेळी आडवा आला. आम्हांला वाटले, याने काल काहीच केले नाही. आज आम्ही विचारू म्हणून घाईघाईने काहीतरी लिहून ठेवले आहे. आम्ही कक्षातल्या इतर मुलांसमोर म्हणालो, "काम झालं नसेल तर झालं नाही म्हणावं. खोटं बोलू नये."

तो काही बोलला नाही. त्याने संगणक बंद केला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कक्षात आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अभ्यासिकेत तो खाली मान घालून बसलेला असे.

तिसऱ्या रात्री आम्ही माजी विद्यार्थ्याला फोन केला. खरे सांगायचे तर तक्रार करण्यासाठीच केला. त्याने सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "सर, पानावर कोणती प्रत चालते आहे, ते पाहिलंत का?"

आम्ही गप्प झालो, कारण हा प्रश्न खरे तर आमच्या विषयाचा होता. एखादे पत्र पुढे आले की त्यातला मजकूर खरा की खोटा हे इतिहासाचा विद्यार्थी नंतर ठरवतो. आधी तो विचारतो : हे मूळ पत्र आहे की नक्कल? नक्कल असेल तर कोणी, केव्हा, कशावरून केली? हे बहिरंग परीक्षण एम. ए. च्या वर्गात आम्ही शिकलो आणि पुढे मुलांना शिकवत आलो. येथे मात्र पानावर दिसणारी गोष्ट त्या मुलाच्या फाईलमधूनच आली आहे, असे आम्ही न तपासता गृहीत धरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला बोलावून घेतले. फोन टेबलावर ठेवला आणि माजी विद्यार्थी सांगेल तसे तो करीत गेला. पहिली सूचना आम्हांला विचित्र वाटली : "तू लिहिलेल्या फाईलच्या पहिल्या ओळीत मुद्दाम एक चूक कर. इतकी ढोबळ की प्रोग्रॅम चालताच कामा नये." मुलाने काहीतरी अर्थहीन अक्षरे टंकली आणि पान उघडले. ते बिनतक्रार उघडले. क्षीरसागर 'क' मध्येच.

याचा अर्थ सरळ होता. ती फाईल कोणी वाचतच नव्हते. वाचली असती तर पान कोसळले असते. त्या मुलाने फाईलमध्ये सोन्याची अक्षरे लिहिली असती, तरी ती पानावर उमटली नसती.

मग एकेक पायरी करून आम्ही मुळाकडून पानाकडे निघालो. प्रत्येक ठिकाणी तीच मुद्दाम केलेली चूक घालायची, सूचीचा प्रोग्रॅम थांबवून पुन्हा सुरू करायचा आणि पान कोसळते का ते पाहायचे. पुन्हा सुरू करणे आवश्यक असते, कारण चालू असलेला प्रोग्रॅम एकदा वाचलेली गोष्ट स्मरणात धरून ठेवतो आणि फाईल बदलली म्हणून ती परत वाचेलच असे नाही.

पहिली पायरी होती पॅकेजच्याच फोल्डरात. मुलगा लिहीत होता ती फाईल 'एसआरसी' या फोल्डरात होती. पण पॅकेज वापरणाऱ्याने कोठून वाचावे हे 'पॅकेज डॉट जेसन' या फाईलमध्ये नोंदवलेले असते, आणि तेथे 'डिस्ट' या दुसऱ्या फोल्डराचा पत्ता होता. 'डिस्ट' मध्ये असते ती मूळ फाईलवरून तयार केलेली प्रत. 'बिल्ड' ची आज्ञा दिल्याशिवाय ती नव्याने तयार होत नाही, आणि ती आज्ञा दुरुस्तीनंतर कोणी दिलेलीच नव्हती. आम्ही 'डिस्ट' मध्ये चूक घातली. पान उघडले.

दुसरी पायरी सूचीच्या फोल्डरात होती. तेथे 'नोड मॉड्यूल्स' नावाच्या फोल्डरात प्रोग्रॅमला लागणारी सर्व पॅकेजे ठेवलेली असतात. माजी विद्यार्थ्याने 'एनपीएम एलएस' ही आज्ञा द्यायला सांगितली. पॅकेज दुव्याने जोडलेले असेल तर या आज्ञेच्या उत्तरात त्याच्या नावापुढे बाण आणि मूळ फोल्डराचा पत्ता दिसतो. आमच्या 'वर्णक्रम' पुढे बाण नव्हता. म्हणजे तेथे दुवा नव्हता, स्वतंत्र नक्कल होती. फोनवरून आवाज आला, "सर, ही चूक माझी. शेवटच्या रविवारी पॅकेज नीट बसतं का ते पाहायला मी 'एनपीएम पॅक'नं त्याची बांधलेली फाईल केली आणि ती बसवली. जाताना याला सांगायचं राहिलं." अशी फाईल म्हणजे त्या दिवशीच्या मजकुराची बांधून ठेवलेली पिशवी. मूळ फोल्डरात नंतर कितीही बदल करा, पिशवीतला मजकूर बदलत नाही. पुन्हा पिशवी बांधली पण आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवला, तरीही घोटाळा संभवतो. नाव तेच, क्रमांक तोच, म्हणजे वस्तू आहेच, असे समजून एनपीएम पुढे जाऊ शकते. आम्ही या नकलेतही चूक घातली. पान उघडले!

तिसरी पायरी आणखी आत होती. सूचीचा प्रोग्रॅम चालवण्यासाठी 'व्हीट' हे साधन वापरले होते. पान झटपट उघडावे म्हणून ते 'नोड मॉड्यूल्स' मधील पॅकेजांची आपल्यापुरती एक तयार प्रत करून ठेवते. ती नव्याने करायची की नाही, हे ते प्रामुख्याने पॅकेजांच्या आवृत्त्यांची नोंद असलेल्या लॉक फाईलवरून आणि आपल्या मांडणीच्या फाईलवरून ठरवते. 'नोड मॉड्यूल्स' मधल्या मजकुराला कोणी हात लावणार नाही, हा त्यामागचा विश्वास. एरवी तो रास्तच आहे. पॅकेज स्वतः घडवत असणाऱ्याने तेवढा अपवाद लक्षात ठेवायचा असतो. आम्ही या प्रतीतही चूक घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. पान तरीही उघडले, आणि तो मुलगा त्या तीन दिवसांत प्रथमच हसला.

आता उरला होता ब्राउझर. पॅकेजांच्या या तयार प्रती व्हीट ब्राउझरला देते तेव्हा सोबत सूचना असते : ही ३,१५,३६,००० सेकंद जपून ठेव, तोपर्यंत पुन्हा विचारू नकोस. मुलाने पाटीवर भागाकार केला. बरोबर ३६५ दिवस. म्हणजे ब्राउझर आपल्याजवळची जुनी प्रत दाखवत होता आणि वर्षभर तसेच करत राहण्याची त्याला मुभा होती. ब्राउझरमधील विकासकांसाठीच्या साधनांत 'नेटवर्क' या भागात साठवलेली प्रत न वापरण्याची खूण करता येते. ती साधने उघडी असेपर्यंतच ही खूण लागू असते. मुलाने ती केली, पान पुन्हा मागवले, आणि पान कोसळले. संपूर्ण पडद्यावर लाल अक्षरे आली. आपण केलेले काम मोडले म्हणून एवढा आनंद झालेली मुले आम्ही त्यापूर्वी पाहिली नव्हती.

मूळ फाईल आणि पडद्यावरचे पान यांच्यामध्ये अशा रीतीने चार प्रती उभ्या होत्या, आणि चारही जुन्या होत्या. यांपैकी एकच दुरुस्त केली असती तर काहीच फरक दिसला नसता आणि 'हाही उपाय चुकीचाच' असे आम्ही म्हणालो असतो. अशा वेळी 'नोड मॉड्यूल्स' चा फोल्डरच पुसून सर्व नव्याने बसवण्याची अनेकांची सवय असते. आमच्या बाबतीत तेवढ्याने भागले नसते; तीच बांधलेली जुनी पिशवी पुन्हा उघडली गेली असती. आणि कधी भागले, तरी कोणती प्रत जुनी होती हे कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तोच गोंधळ होतो.

दुरुस्ती त्याच क्रमाने झाली. मुलाने मूळ फाईलमधली मुद्दाम केलेली चूक काढली. 'बिल्ड' ची आज्ञा दिली, आणि पुढे फाईल बदलताच ती आपोआप दिली जावी अशी सोय केली. 'वर्णक्रम' च्या फोल्डरात जाऊन 'एनपीएम लिंक' केले, मग सूचीच्या फोल्डरात येऊन त्या पॅकेजचे नाव देऊन तीच आज्ञा दिली. 'एनपीएम एलएस' मध्ये बाण दिसला. व्हीट 'फोर्स' या सूचनेसह सुरू केले, म्हणजे ते आपली तयार प्रत टाकून देते. ब्राउझरची खूण तशीच ठेवून पान उघडले. क्षीरसागर शेवटी गेले होते. काळे कासारे यांच्यानंतर आले होते. त्या मुलाचा नियम पहिल्या दिवसापासून अचूक होता. त्यातले एक अक्षरही बदलावे लागले नाही.

पुढे आठवडाभराने पान पुन्हा जुना क्रम दाखवू लागले. या वेळी आम्ही कोणाला काही म्हणालो नाही. मुलाने स्वतःहून 'एनपीएम एलएस' करून पाहिले. बाण नाहीसा झाला होता. दुसरे एक पॅकेज बसवण्यासाठी कोणीतरी 'एनपीएम इन्स्टॉल' केले होते. सूचीच्या नोंदीत अजून त्या बांधलेल्या पिशवीचेच नाव असल्याने एनपीएमने दुवा काढून नोंदीप्रमाणे पिशवी परत आणून ठेवली होती. त्या मुलाने दुवा पुन्हा जोडला आणि स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत पॅकेजची आवृत्ती आणि 'बिल्ड' ची वेळ छापली जाईल अशी ओळ घातली. कोणती प्रत चालते आहे हे तेव्हापासून विचारावे लागत नाही, ते पानच सांगते. काम संपल्यावर त्याने आवृत्तीचा क्रमांक वाढवला, पॅकेज नव्याने बांधले आणि ते एका रिकाम्या फोल्डरात बसवून पाहिले. दुव्याने जोडलेले असताना सर्व फायली हाताशीच असतात, म्हणून बांधताना एखादी राहून गेली तरी ते लक्षात येत नाही, असे त्यानेच आम्हांला समजावून सांगितले.

ज्या दिवशी पान कोसळले, त्याच सायंकाळी, त्याच कक्षात, त्याच मुलांसमोर आम्ही त्याची क्षमा मागितली. आरोप चारचौघांत केला होता, तेव्हा तो मागेही चारचौघांतच घ्यायला हवा होता. मुलगा संकोचून म्हणाला, "असू द्या ना, सर." पण ते असू देण्यासारखे नव्हते. त्याने फाईल उघडून दाखवली होती. पुरावा आमच्या डोळ्यांसमोर होता. त्याच्या हातच्या मूळ लेखापेक्षा आम्ही पडद्यावरच्या नकलेवर अधिक विश्वास ठेवला, आणि नकलेचे वय विचारले नाही.

त्या रात्री आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. फार वर्षांपूर्वी दहावीसाठी आम्ही इतिहासाची टिपणे काढली होती. त्यांत नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या प्रारंभाचे साल हातून १९२९ असे पडले होते. तो सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. चूक ध्यानात येताच आम्ही ती मूळ टिपणांत सुधारली, फळ्यावर सांगितली आणि विषय संपला असे मानले. तरीही पुढे कितीतरी वर्षे उत्तरपत्रिकांत १९२९ येत राहिले. आम्ही गुण कापले, काहींना उभे करून 'वर्गात लक्ष कोठे असते' असेही विचारले. आता उमगते की मुलांचे लक्ष आमच्याच टिपणांकडे होते. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना दिलेल्या, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेल्या त्या जुन्या प्रतीच वसतिगृहात फिरत होत्या. त्यांवर ना तारीख होती, ना आवृत्तीचा क्रमांक.

त्या वर्षांतील कोणी हे वाचत असतील, तर त्यांचीही आम्ही येथे क्षमा मागतो. त्यांनी लिहिलेले साल चूक होते, पण ती चूक आमची होती. यंदापासून आमच्या टिपणांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, सूचीच्या पानावर त्या मुलाने घातली तशीच, तारखेची एक ओळ असते.

सूचीत आपले नाव चुकीच्या जागी आढळल्यास माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षाला अवश्य कळवावे. आधी कोणती प्रत छापायला गेली होती ते पाहू, आणि मग दुरुस्ती करू.